.३०८ साठी घरी काडतुसं भरताना: गोळी आणि पावडर ठरवण्याच्या नोंदी

४ ऑगस्ट

रायफल बोल्टची (दर बारानंतर दांडा हातानं मागे-पुढे करायचा), काडतूस .३०८ विंचेस्टर. नळी २२ इंच, आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचा) पीळ १२ इंचांत एक फेरा. हा पिळाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे. काम ठरलेलं: हरीण आणि रानडुक्कर, जास्तीत जास्त २०० मीटर. त्यापलीकडे मी बार टाकत नाही, त्यामुळे ४०० मीटरच्या गप्पा या नोंदींत सापडणार नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पावडरचे ग्रेनमधले (एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) आकडे मी इथे देणार नाही आणि पावडरची नावंही झाकून ठेवणार आहे. माझ्या चेंबरला (नळीतली काडतूस बसायची जागा) जे चाललं ते तुमच्या चेंबरला चालेलच असं नाही, आणि लोक आकडा दिसला की उचलतात. पावडर बनवणाऱ्याचा चालू तक्ता घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या मात्रेवरून निघा, एकेक पायरी वर चढा. शिकार आणि घरी काडतुसं भरणं, या दोन्हींना तुमच्याकडे कायद्यानं मुभा आहे का, हे त्याच्याही आधी बघा.

९ ऑगस्ट

बहुतेक जण सुरुवात पावडरपासून करतात. डबा हाताशी असतो, मग त्याला चालेल अशी गोळी शोधायची. मी उलटं करतोय. जनावरात जाऊन काम करायचंय ते गोळीला. पावडरनं तिला ठरलेल्या वेगानं, दर वेळी तसंच, नळीबाहेर काढलं की तिचा संबंध संपला.

गोळीकडून हवं काय? २०० मीटरवर पोचल्यावर उमलायला हवी आणि ३० मीटरवर अंगावर आलेल्या डुकरात फुटून विखरायला नको. शिशाच्या गाभ्याच्या बऱ्याचशा शिकारी गोळ्यांना उमलायला सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो. .३०८ मधून १६५ ग्रेनची गोळी २६५० नं निघाली तर २०० मीटरवर तिचा वेग २२०० च्या घरात उरतो. म्हणजे लांबच्या टोकाला काळजी नाही. अडचण जवळच्या टोकाला आहे. वेग जास्त, गोळीवरची साल पातळ, मग गोळीचे तुकडे होतात आणि खांद्याचं मांस रक्ताळून फुकट जातं.

नेमबाजीच्या मॅच गोळ्या पहिल्याच फेरीत बाद. त्यांच्या टोकाला बारीक भोक असतं म्हणून त्या उमलतील असं वाटतं, पण ते भोक बनवण्याच्या पद्धतीतून राहिलेलं असतं. सिएरासारखी कंपनी स्वतःच सांगते की मॅचकिंग शिकारीसाठी वापरू नका. कागदावर कितीही देखणा ग्रुप (भोकांचा पुंजका) येवो.

उरल्या तीन जाती. प्रत्येकीची एकेक पेटी घेतली:

१५० ग्रेन, साधी: तांब्याची साल, आत शिसं, टोकाला शिसं उघडं.
१६५ ग्रेन, बाँडेड: साल आणि गाभा एकमेकांना जोडलेले, टोकाला प्लास्टिक.
१६८ ग्रेन, अख्खी तांब्याची, तीही प्लास्टिकच्या टोकाची.

तांब्याची घेण्यामागं कारण आहे. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, एक्स-रे काढला की दिसतात. काही ठिकाणी शिसं आता चालतच नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीच्या कुठल्याही शिकारीला बिनशिशाचीच गोळी लागते. आज ना उद्या इकडे वळावं लागणार, मग आत्ताच बघून घेऊ.

१० ऑगस्ट

केसा (काडतुसाची पितळी नळकांडी) निवडल्या. डब्यात तीन छापांच्या मिसळल्या होत्या, त्यात काही मिलिटरीच्या. मिलिटरीची केस साधारणपणे जाड पितळेची, म्हणून आतली जागा कमी. तीच पावडर, तीच गोळी, पण दाब जास्त. शिवाय प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) खळग्यात चिमटून बसवलेला असतो, तो खळगा मोकळा केल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही. एक-दोन वजन करून पाहिल्या, फरक चांगला जाणवण्याएवढा होता. सगळ्या बाजूला काढल्या. एकाच छापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या केसा ठेवल्या.

साइझिंग (वापरलेली केस डाय नावाच्या साच्यात दाबून मापावर आणणं) पूर्ण लांबीचं. नुसती मान दाबून भरणारे मला माहीत आहेत, बाकावर बसून नेम धरायचा असेल तर ठीक आहे. रानात थंडीत बोटं आखडलेली असताना बोल्ट अडला की काय होतं ते एकदा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डाय अशी लावली की केसचा खांदा (मानेखालचा उतार) चेंबरपेक्षा ०.०५ मिलिमीटर मागे जावा, त्याहून जास्त नाही. जास्त मागे ढकललात तर केस दर बाराला ताणली जाते आणि बुडाच्या वर गोल चीर पडते. केसची लांबी ५१.१८ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, मी ५०.९३ ला कापतो.

१७ ऑगस्ट

आता पावडर. .३०८ ला मधल्या जळणवेगाच्या पावडरी लागतात. तक्ते उघडले की ४८९५, ४०६४, व्हार्गेट, एन१४० ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात, आणि ते उगाच नाही. फार जलद जळणारी घेतली तर दाब आधीच टोकाला जातो आणि वेग कमीच राहतो. फार सावकाश जळणारी घेतली तर केस काठोकाठ भरूनही पुरेसा दाब तयार होत नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत, याच क्रमानं. एक, तापमान बदललं तरी स्वभाव न बदलणं. दोन, केस ९५ टक्क्यांच्या पुढे भरणं. तीन, वेग. भरलेल्या केसचा एक फायदा असा की चुकून दुप्पट मात्रा पडली तर ती मावतच नाही, पावडर ओतून टेबलावर येते आणि तुम्ही सावध होता. अर्धी रिकामी केस असं काही सांगत नाही.

तीन डबे आणले. त्यांना अ, ब, क म्हणतो. अ बॉल पावडर, बारीक गोल दाणे. ब लांब काड्यांची. क आखूड काड्यांची. टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरे कपाटात कुलपात. हा नियम मोडायचा नाही, मग कितीही घाई असो. मापकात (ठरलेली मात्रा टाकणाऱ्या साधनात) उरलेली पावडर संध्याकाळी आपल्याच डब्यात परत. "उद्या लागेलच" म्हणून ठेवलेली पावडर उद्या कुठली होती ते कुणाला आठवत नाही.

२३ ऑगस्ट

मोजण्यात अख्खी सकाळ गेली.

अ मापकातून पाण्यासारखी उतरते. दहा मात्रा टाकून वजन केलं, फरक नावापुरता. ब चं तसं नाही. मापकाचा दांडा फिरवताना मध्येच कर्र होतं, हाताला लागतं. ती काडी कापली जातेय. कापताना कधी मात्रा कमी पडते, मग पुढची जास्त. ०.४ ग्रेनपर्यंत इकडे तिकडे. शिकारीच्या अंतरावर हा फरक जीवघेणा नाही, पण वरच्या मर्यादेजवळ काम करत असाल तर तो तुमची पुढची पायरी खाऊन टाकतो.

उपाय जुनाच. मापक थोडं कमी टाकेल असं लावायचं, पातेलं तराजूवर ठेवायचं आणि उरलेले दाणे ट्रिकलरनं (दाणे सावकाश सोडणारी नळी) एकेक सोडायचे. वेळ दुप्पट लागतो. क लाही हेच केलं, पण ती आखूड असल्यानं मापक कमी अडतं.

तराजूनं मात्र दगा दिला. इलेक्ट्रॉनिक आहे, शून्य सरकत होतं. पंखा बंद केला तरी सरकेच. खिडकी लावली, यंत्र तासभर चालू ठेवून तापू दिलं, तेव्हा थांबलं. तोपर्यंत भरलेल्या सगळ्या मात्रा डब्यात परत. आता दर दहा मात्रांनी तपासणीचं वजन ठेवून बघतो. ते वजन एवढंसं पितळेचं आहे, तेही बोटानं उचलायचं नाही, चिमट्यानं.

३१ ऑगस्ट

पहिली फेरी, १०० मीटर. कडक ऊन, सावलीत पारा ३४.

प्रत्येक गोळीला सुरुवातीच्या मात्रेपासून वर, पायरीला एक-दोनच काडतुसं, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून. आज ग्रुप बघायचाच नव्हता. आज फक्त दाब बघायचा.

चपटा झालेला प्रायमर बघून दाब ओळखायचा ही रीत सगळ्यांनी ऐकलेली असते. मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. मऊ प्रायमर साध्या दाबालाही चपटा होतो आणि कडक प्रायमर मर्यादा ओलांडल्यावरही गोल राहतो. मी तीन गोष्टी बघतो. बोल्ट उचलायला जड गेला का, केसच्या बुडावर इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाचा चकचकीत ठसा उमटला का, आणि क्रोनोग्राफवरचा वेग पुस्तकातल्या (पावडरच्या छापील तक्त्यांतल्या) कमाल वेगाला पोचला का. तिसरी सगळ्यांत आधी बोलते. पुस्तकाची नळी बहुधा २४ इंचाची असते, माझी २२. मला ४०-५० फूट कमीच मिळायला हवेत. तरीही पुस्तकाएवढा वेग दिसला, तर फुकट काही मिळत नाही, दाब वाढलाय. .३०८ ची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), आणि घरी बसून ती मोजायचं साधन आपल्याकडे नसतं.

ब आणि क शेवटच्या पायरीपर्यंत निमूटपणे गेल्या. अ पुस्तकातल्या कमाल मात्रेच्या एक पायरी आधीच अडली. बोल्ट उचलताना मधे थबकला, तळव्यानं ठोकावा लागला. केस उलटी करून पाहिली, बुडावर अर्धचंद्रासारखा चकाकता ठसा. त्यापुढची काडतुसं तिथंच वेगळी ठेवली आणि घरी येऊन पुलरनं (गोळी उपसायचं अवजार) उघडली. काडतुसं बाकावर उन्हात पडली होती हेही खरं, पण रानात जाताना ती गाडीत उन्हात पडणारच नाहीत असं कोण म्हणेल.

७ सप्टेंबर

१६८ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीचं कोडं. ग्रुप मोठा, ७०-८० मिलिमीटर, आणि कुठल्याच पायरीवर सुधारत नाही. मात्रा बदलून पाहिली, ब सोडून क घेतली, काही फरक नाही. मग कागद काढून जवळ धरला. भोकं गोल नव्हती. दोन-तीन स्पष्ट लांबट, एका कडेला राखाडी डाग जास्त. गोळी सरळ जात नव्हती, किंचित तिरकी होऊन कागदात घुसत होती.

कारण पीळ. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढंच वजन तांब्यात भरायचं तर गोळी लांब होणार. आणि लांब गोळी स्थिर ठेवायला पीळ जास्त लागतो. कॅलिपरनं मोजली, ३६ मिलिमीटर. १६५ ची शिशाची ३२. मिलरच्या सूत्रात (गोळी किती स्थिर उडेल त्याचा हिशोब) घातलं: १२ इंचाच्या पिळात तांब्याची स्थिरता १.१, शिशाची १.५. १.४ च्या खाली जाऊ नये असं मानतात. प्लास्टिकचं टोक असलेल्या गोळीला हे सूत्र थोडं कमी मार्क देतं, कारण ते टोक धातूचं आहे असं धरून चालतं. ती सूट दिली तरी माझ्या कागदावरची भोकं लांबटच आहेत. शिवाय थंड हवा जड असते आणि स्थिरता आणखी खाली येते, म्हणजे ऐन हंगामात हे बिघडणारच.

इथे पावडर बदलत बसणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. दहा इंचाच्या पिळाच्या नळीत हीच गोळी १.६ ला पोचते. तिथे ती उत्तम चालेल. माझ्या नळीला नाही. पेटीवर वजन असतं, पण गोळीची लांबी सहसा लिहिलेली नसते, म्हणून तांब्याची गोळी घेण्याआधी बनवणाऱ्यानं सांगितलेला किमान पीळ वाचा.

१३० ग्रेनची तांब्याची मागवली. तिची लांबी साधारण ३०, हिशोब १.४५.

१४ सप्टेंबर

ओल्या वर्तमानपत्रांची कसोटी. रात्रभर भिजवलेले गठ्ठे, दोरीनं बांधून, ३० मीटरवर. हे जनावर नव्हे, आणि यावरून कुणी "इतके इंच आत गेली" असं सांगायला लागलं तर त्याला हसून सोडून द्या. पण एका गठ्ठ्यात दोन गोळ्या शेजारी शेजारी मारल्या की त्या दोघींतला फरक खरा असतो.

१५० ची साधी गोळी. गठ्ठा उघडत गेलो. पहिल्या तीन-चार बोटांतच कागदाचा लगदा, मुठीएवढी पोकळी, त्यात शिशाचे कण मिठासारखे पसरलेले. पुढे एका ठिकाणी तांब्याची साल सापडली, फुलासारखी उलटलेली, आतून रिकामी. गाभा तिच्यापासून सुटून आणखी पुढे जाऊन बसला होता. दुसऱ्या बाराचंही तेच.

१६५ ची बाँडेड खोलवर गेली, छत्रीसारखी उमललेली, साल आणि शिसं एकत्र. वजन केलं, १३० ग्रेनच्या वर उरलं होतं. १३० ची तांब्याची चार पाकळ्या उघडून जवळजवळ अख्खी निघाली, एकच पाकळी तुटलेली.

साल आणि गाभा वेगळे होऊ नयेत ही खटपट फार जुनी. जॉन नॉस्लरनं १९४० च्या दशकात गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घालून पुढचं शिसं मागच्यापासून तोडलं, पुढचं फुटलं तरी मागचं टिकावं म्हणून. ती पार्टिशन गोळी आजही मिळते. माझ्या अंतराला तीही चालली असती, पण हाताशी बाँडेड होती आणि तिनं काम केलं.

१५० ची साधी मी वाईट म्हणणार नाही. १५० मीटरवरच्या हरणाच्या फासळीत ती झटकन काम करते. पण त्याच खिशातलं काडतूस मला डुकराच्या खांद्यावरही लागू शकतं. बाद.

२० सप्टेंबर

ज्या गोष्टीनं सगळ्यांत जास्त प्रायमर खाल्ले ती ही: सपाट टप्पा शोधणं.

कल्पना अशी की मात्रा वाढवत गेलं की मधेच एका टप्प्यावर वेग वाढायचा थांबतो, तिथे नळीची थरथर जुळते आणि ग्रुप आवळतो. ३१ ऑगस्टच्या आकड्यांत क आणि १६५ च्या जोडीला असा टप्पा दिसत होता, तीन पायऱ्यांना जवळजवळ एकच वेग. आज तीच शिडी पुन्हा चढलो. टप्पा दिसला, पण वेगळ्याच ठिकाणी. जुन्या जागी आज चांगली चढण होती.

पायरीला एक-दोन बार मारले की असे टप्पे दिसणारच, कारण प्रत्येक बार थोडा इकडे तिकडे असतो. वेगाच्या फरकाचा आकडाही तसाच. पाच बारांवरून निघालेलं प्रमाण विचलन १२ फूट असेल, तर खरं उत्तर ७ पासून ३४ पर्यंत कुठंही असू शकतं. हे आकडेशास्त्र आहे, माझं मत नव्हे. तीन बारांचा नखाएवढा ग्रुप खिशात घेऊन फिरणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

म्हणून टप्पा शोधणं सोडलं. कमालीच्या बरीच खाली, बोल्ट लोण्यासारखा फिरतोय अशी एक मात्रा धरली आणि तिचेच दहा-दहाचे ग्रुप मारायचे ठरवलं. दहा बारांचा ग्रुप मोठाच दिसतो, मन खट्टू होतं. पण तो खोटं बोलत नाही.

क आणि १६५: दहा बार, ३८ मिलिमीटर. ब आणि १६५: ३५. हा तीन मिलिमीटरचा फरक मी फरक मानत नाही.

५ ऑक्टोबर

गोळी किती खोल बसवायची. सगळे म्हणतात आट्यांच्या जवळ ठेवा. माझ्या चेंबरचा घसा (आट्या सुरू होण्याआधीची जागा) लांब आहे, आट्यांपर्यंत न्यायचं तर काडतूस मॅगझिनमध्ये (रायफलमधली काडतुसांची पेटी) शिरत नाही. .३०८ ची ठरलेली कमाल लांबी ७१.१२, मॅगझिनमध्ये त्याहून जेमतेम मिलिमीटरभर जास्त मावतं. मग प्रश्नच मिटला. एकेक काडतूस हातानं चेंबरमध्ये घालून शिकार करायची नसेल, तर लांबी मॅगझिन ठरवतं.

मोजताना टोकावरून मोजू नका. टोकं एकसारखी नसतात, शिशाची तर अजिबात नाहीत. आणि उघड्या शिशाचं टोक मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर धक्क्यानं आपटून चेपतं. कॅलिपरला कंपॅरेटर (गोळीच्या गोलाईवर बसणारा जोड) लावून जिथे गोळीची गोलाई आट्यांना भिडते तिथून मोजा.

१३० च्या तांब्याच्या गोळीला मात्र लांब उडी (गोळी आणि आट्यांमधलं अंतर) आवडली. बनवणारे सव्वा मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा म्हणतात, तेवढं ठेवलं आणि दहाचा ग्रुप ४० च्या आत आला, भोकं छान गोल. हिला क चा वेगळा तक्ता आहे. तांब्याच्या गोळीला शिशाच्या गोळीची मात्रा वापरायची नाही, वजन सारखं असलं तरी. ती लांब म्हणून केसमधली जागा जास्त खाते, आणि कडकही असते.

शिशाच्या गोळ्यांवरून तांब्याच्या गोळ्यांवर जाताना नळी धुतली. धुतल्यानंतरचे पहिले दोन-तीन बार नेहमीच भलतीकडे जातात, ते मोजले नाहीत.

२६ ऑक्टोबर

पहाटे ४ अंश. यासाठीच थांबलो होतो. काडतुसं रात्रभर बाहेर, रायफलही. मात्रा ऑगस्टमधल्याच, त्याच डब्यांतून. गोळी १६५.

अ: ऑगस्टच्या मानानं वेग ७० फुटांहून जास्त घसरला. ब: ३० च्या आसपास. क: १५ च्या आसपास, म्हणजे जवळपास काहीच नाही.

आता हे वाचून अ ला नावं ठेवण्याआधी थोडा हिशोब. ७० फूट कमी झाले म्हणून २०० मीटरवर गोळी किती खाली गेली? साधारण २० मिलिमीटर. हरणाला याचं काहीही सोयरसुतक नाही. लोक थंडीतल्या घसरणीबद्दल कळवळून लिहितात, पण या अंतराला तो मुद्दाच नाही.

मुद्दा उलट्या बाजूला आहे. समजा मी ही मात्रा आज, ४ अंशांत ठरवली असती. बोल्ट हलका, वेग कमी, मग मी एक पायरी वर गेलो असतो, कदाचित दोन. आणि तेच काडतूस पुढच्या उन्हाळ्यात तापलेल्या चेंबरमध्ये गेलं असतं. थंडीत भरलेली, थंडीतच तपासलेली बॉल पावडरची वरच्या टोकाची मात्रा घेऊन उन्हात जाऊ नका. मात्रा ठरवायचीच तर गरमीत ठरवा. थंडीत ती फार तर सुस्त होईल.

अ बाद. वेग तिचाच सगळ्यांत जास्त होता, मोजायलाही तीच सगळ्यांत सोपी. ब आणि क मध्ये क, कारण मापक कमी अडतं आणि थंडी-गरमीत स्वभाव बदलत नाही. कागदावर ब तीन मिलिमीटरनं पुढे होती, त्याला मी मत देत नाही.

९ नोव्हेंबर

क चा पहिला डबा संपला, दुसरा उघडला. नाव तेच, लॉट (कारखान्यातली खेप) नंबर वेगळा. म्हणून दोन पायऱ्या खाली जाऊन पुन्हा वर आलो. त्याच मात्रेला वेग २० फुटांनी जास्त. दाबाची खूण कुठेच नाही, तरी मात्रा किंचित उतरवून जुन्या वेगाला आणून ठेवली. जुळवायचं ते वेगाशी, तराजूच्या आकड्याशी नाही. यापुढे घेताना एकाच लॉटचे मोठे डबे घेणार, महाग पडतात पण दर वेळी ही कसरत नको.

केस, प्रायमर किंवा गोळीचा छाप बदलला तरी हेच करायचं. प्रायमर बदलूनही वेग हलतो.

१६ नोव्हेंबर

हंगामासाठी भरून झालं. १६५ ची बाँडेड, क पावडर, २६१० फूट. पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा सरळ सरळ कमी आहे आणि राहणार आहे. १३० ची तांब्याची वेगळ्या पेटीत, जिथे शिसं चालत नाही तिथल्यासाठी. दोन्हींचा मार एका जागी पडत नाही. १०० मीटरवर तांब्याची ४५ मिलिमीटर वर आणि थोडी डावीकडे लागते. म्हणून एका बाहेरवारीला एकच पेटी न्यायची, आणि पेटी बदलली की दुर्बीण पुन्हा लावून घ्यायची.

दुर्बीण लावली ती थंड नळीच्या पहिल्या बारावर, नळी न धुता. वेगवेगळ्या सकाळी एकेकच बार, सगळे एकाच कागदावर. दहा बारांचा ग्रुप जनावर बघत नाही, त्याला पहिलाच लागतो. हा कागद आत्ता ४२ मिलिमीटरवर आहे.

प्रत्येक काडतूस रायफलच्या चेंबरमध्ये एकदा घालून काढलं, फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी खिळी) काढून ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून. दोन जड गेली, त्यांच्या माना नीट पुसलेल्या नव्हत्या, वंगण सुकून चिकटलं होतं. पुसली, गेली.

पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिलं: गोळी, वजन, पावडर, लॉट, मात्रा, प्रायमर, केस कितव्यांदा भरली, ओगाइव्हपासून (गोळीच्या गोलाईपासून) लांबी, वेग, तो मोजला तेव्हाचं तापमान, आणि कुठल्या रायफलसाठी. शेवटचं ठळक. १६८ ची तांब्याची उरलेली पेटी दहा इंचाच्या पिळाची रायफल असलेल्या मित्राला दिली, नुसत्या गोळ्या, भरलेलं एकही काडतूस नाही. अ चा उरलेला डबा तसाच मूळ झाकण लावून कपाटात आहे, हलक्या गोळीच्या सरावासाठी वापरीन, गरमी सुरू झाल्यावर सुरुवातीच्या मात्रेपासून.

२०० मीटरवरची घसरण कागदावर तपासायची राहिलीय. वारा पडला की.